काचेवरचे ठिपके: झाडांच्या हालचालींबद्दल बोलू या

कोंब (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार.

मागच्या रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत मी घेवड्याच्या एका वेलासमोर बसून होते. काय पाहिलं ते सविस्तर लिहिते, कारण त्यातून जे प्रश्न पडले ते माझ्या एकटीने सुटणारे नाहीत.

वेलाला मुद्दाम आधार दिला नव्हता. त्यामुळे शेंड्याकडचा वीतभर भाग नुसता हवेत कललेला होता. कुंडीच्या दोन बाजूंना पुस्तकांच्या चळती रचल्या आणि त्यांवर फोटोफ्रेमची सुटी काच आडवी ठेवली, शेंड्याच्या जरा वर. पुठ्ठ्याची एक नळी खुर्चीच्या पाठीला बांधली, म्हणजे डोळा दर वेळी त्याच जागी टेकेल. नळीतून खाली पाहायचं, शेंडा काचेवर जिथे दिसेल तिथे पेनने ठिपका द्यायचा, शेजारी वेळ लिहायची. दर दहा मिनिटांनी एक ठिपका.

पहिले तीन ठिपके जवळपास एका ओळीत पडले, तेव्हा वाटलं वेल उजेडाकडे सरकतोय. चौथ्या-पाचव्या ठिपक्यापासून ओळ वाकली. मग शेंडा चक्क उजेडाकडे पाठ फिरवून खोलीच्या आतल्या बाजूला गेला. बाराव्या ठिपक्याला तो निघाला होता तिथे परत आला, फक्त बोटभर पुढे. एक तास पन्नास मिनिटं. दुसऱ्या फेऱ्यालाही साधारण तेवढाच वेळ लागला. तिसऱ्याला दोन तासांच्या वर गेले, कारण तोवर ढग येऊन हवा गार झाली होती. तीनही फेरे एकाच दिशेने, वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट.

ही रीत माझी नाही. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी शेकडो रोपांवर असेच ठिपके दिले होते, वनस्पतींच्या हालचालींवरचं त्यांचं पुस्तक १८८० साली आलं. डार्विन रोपाच्या टोकाला काचेचा बारीक तंतू चिकटवत, मी शेंडाच धरून चालले.

इतकी वर्षं झाडं वाढवतेय, पण वेल हवेत गोल फिरतो हे मी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. स्नायू नाहीत, सांधे नाहीत, मग फिरवतं कोण? शेंडा काही शोधत असतो का? आणि काठी लागली की त्याला कळतं कसं? ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया लिहा. ज्यांनी स्वतः काही पाहिलंय त्यांनी तर नक्कीच लिहा.

पर्णरंध्र

फार सुंदर निरीक्षण. वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून पहिल्या प्रश्नावर लिहिते.

फिरवतं ते पाणी आणि वाढ. वनस्पतीची प्रत्येक पेशी म्हणजे भिंत असलेली पाण्याची पिशवी. आत पाणी शिरतं, भिंत त्याला अडवते आणि दाब तयार होतो. हा दाब थोडाथोडका नसतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबापेक्षा तो सहसा कितीतरी जास्त असतो. आता खोडाच्या एका बाजूच्या पेशींच्या भिंती जरा सैल झाल्या तर त्याच दाबाखाली त्या पेशी जास्त लांबतात. एक बाजू लांब, दुसरी आखूड, म्हणजे खोड आखूड बाजूकडे वाकणार. तुमच्या वेलात ही 'जास्त लांबणारी बाजू' खोडाभोवती फिरत राहते. आत्ता पूर्वेची, मग उत्तरेची, मग पश्चिमेची. शेंडा फिरताना दिसतो, पण खोड स्वतःभोवती गरगरत नाही, त्याचा बाक फक्त जागा बदलतो.

भिंत सैल करण्यात मोठा वाटा ऑक्झिन या संप्रेरकाचा. ते पेशीभित्तिकेचा भाग आम्लधर्मी करतं, त्याने भित्तिकेतले धागे एकमेकांवरून सरकायला मोकळे होतात. याचा शोध कसा लागला हे विद्यार्थ्यांना सांगताना मला दर वर्षी तितकाच आनंद होतो. डार्विन पितापुत्रांनी गवताच्या कोवळ्या कोंबाच्या टोकावर टोपी घातली, तर कोंब उजेडाकडे वळेनासा झाला. टोक उघडं ठेवून खालचा भाग झाकला, तर वळला. म्हणजे उजेड कळतो टोकाला आणि वाकतं खालचं अंग. मधे काहीतरी निरोप जातो. १९१३ साली बॉयसन-येन्सन यांनी टोक कापून मधे जिलेटिनचा तुकडा ठेवला, तरी निरोप पोचला. अभ्रकाचा पापुद्रा ठेवला तर अडला. मग १९२० च्या दशकात फ्रिट्स वेंट यांनी कापलेली टोकं अगारच्या (समुद्रशेवाळापासून बनणाऱ्या जेलीच्या) वडीवर काही वेळ ठेवली, टोकं फेकून दिली आणि नुसती वडी बिनटोकाच्या कोंबावर एका कडेला बसवली. अंधारात तो कोंब वाकला! निरोप वडीत उतरला होता. तेच पुढे ऑक्झिन म्हणून ओळखलं गेलं.

एक सुचवू का? वेलाच्या कोवळ्या भागावर शाईने दर पाच मिलिमीटरवर बारीक रेघा ओढा. दोन दिवसांनी रेघांमधली अंतरं मोजा. कुठला भाग किती लांबला ते सरळ दिसेल.

मातकट

मस्त धागा, वाचतोय. एक प्रश्न. पाण्याचा भोवरा पृथ्वीच्या कुठल्या अर्ध्यात आहात त्यावर उलटसुलट फिरतो म्हणतात. वेलाचंही तसंच असतं का?

उत्तररात्र

मातकट, नाही. एकाच जातीचा वेल दोन्ही गोलार्धांत एकाच बाजूने फिरतो आणि गुंडाळतो. जगभरातल्या वेलींची पाहणी झाली आहे, त्यात अक्षांशाचा काही संबंध दिसला नाही. बहुतेक वेली घेवड्यासारख्याच, वरून पाहता काट्यांच्या उलट चढतात. हॉप्सचा वेल मात्र काट्यांच्या दिशेने जातो. डार्विननी हॉप्सचे फेरे मोजले होते, उन्हाळ्यात दिवसा सरासरी २ तास ८ मिनिटांना एक. तुमचं निरीक्षण त्याच्या शेजारी ठेवून पाहा, किती जवळ आहे! (भोवऱ्याबद्दल म्हणाल तर बेसिनएवढ्या पाण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम दिसत नाही, भांड्याचा आकार आणि पाण्याला आधी मिळालेली गती यांवर ते ठरतं.)

खरा वाद वेगळाच होता. हे फिरणं आतून येतं की गुरुत्वाकर्षणामुळे? एक मत असं की शेंडा कलतो, गुरुत्वाने सावरायला जातो, जरा जास्तच सावरतो, पुन्हा उलटा सावरतो, आणि या सततच्या सावरण्यातून फेरा बनतो. दुसरं मत असं की लय आतलीच आहे. १९८३ साली स्पेसलॅब या अवकाश-प्रयोगशाळेतून सूर्यफुलाची रोपं अवकाशात नेली, जिथे वजन जाणवत नाही. तिथेही ती फिरत राहिली. म्हणजे लय आतली, असं वाटलं. पण मग नीलपुष्पीच्या कुळातला एक वेल अभ्यासात आला, ज्याला जनुकातल्या दोषामुळे गुरुत्व कळत नाही. तो फिरतही नाही आणि काठीला गुंडाळतही नाही, नुसता खाली लोंबतो. माझ्या वाचनातून मला पटलेलं उत्तर असं: दोन्ही खरं आहे. लय आतली आहे, आणि गुरुत्वाची जाण तिला बळ देते.

रानवाट

स्वतः पाहिलेलं लिहा म्हणालात म्हणून लिहितो. मी लाजाळूवर एक उन्हाळा घालवला आहे.

बहुतेक जण पानावर तळहात फिरवतात, सगळं एकदम मिटतं आणि बघायचं ते राहून जातं. असं करा. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, पानं पूर्ण उघडलेली असताना, एकाच पानाच्या अगदी टोकाच्या पर्णिकेला काडीचं टोक हलकेच लावा. टोकाची जोडी वर उचलली जाते आणि एकमेकींना चिकटते. मग पुढची जोडी, मग त्यापुढची. हात जोडत जावेत तसं ते मिटणं देठाकडे सरकत येतं, डोळ्यांनी आरामात मागोवा घेता येईल इतक्या वेगाने. पर्णिकांची रांग जिथे देठाला मिळते तिथे येऊन ते क्षणभर थांबतं. स्पर्श अगदी हलका असेल तर तिथेच संपतं. जरा जोराचा असेल तर शेजारच्या रांगेत उलट्या बाजूने, म्हणजे बुडाकडून टोकाकडे, मिटणं सुरू होतं. आणि मग एकाएकी अख्खा देठ खोडापासून खाली पडतो, हात गळून पडावा तसा.

देठ खोडाला मिळतो तिथे भिंगातून पाहा. एक फुगीर गाठ आहे. देठ पडला की तिच्या खालच्या अंगाचा रंग गडद होतो, ओलसर दिसतो. मी तो रंगबदल पहिल्यांदा पाहिला तेव्हा भिंग खाली ठेवून काही वेळ नुसता बसून राहिलो. पेशींमधलं पाणी बाहेर येताना आपण पाहतोय हे कळत होतं.

परत उघडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, कधी वीस.

पर्णरंध्र

रानवाट, त्या गडद रंगाचं वर्णन पाठ्यपुस्तकात नसतं, आणि तीच तर सगळी यंत्रणा आहे. गाठीच्या खालच्या अर्ध्या भागातल्या पेशींमधून पोटॅशियम आणि क्लोराइडचे आयन बाहेर पडतात, त्यांच्या मागे पाणी जातं, पेशी ढिल्या पडतात. पाणी पेशींच्या मधल्या पोकळ्यांत येतं, तिथली हवा हटते, म्हणून रंग गडद. वरचा अर्धा भाग ताठच असतो, तो देठ खाली ढकलतो. इथे वाढ झालेली नाही, नुसतं पाणी इकडचं तिकडे गेलं. म्हणून ते परत फिरवता येतं. घेवड्याच्या वेलात वाढ आहे आणि वाढ परत घेता येत नाही. झाडांच्या हालचालींचे हे दोन मार्ग नीट वेगळे ठेवले की पुष्कळ गोंधळ मिटतो.

पानांवरची रंध्रंही (बारीक छिद्रंही) पाण्याच्याच जोरावर उघडतात-मिटतात. रंध्राच्या दोन बाजूंच्या रक्षक पेशी पोटॅशियम आत घेतात, फुगतात आणि धनुष्यासारख्या बाहेर वाकतात. मधे फट पडते. पाणी तुटायला लागलं की त्या ढिल्या पडून फट बंद करतात. आपल्या आजूबाजूच्या प्रत्येक हिरव्या पानावर हे आत्ताही चाललेलं आहे.

कोंब

रानवाट, पर्णरंध्र, दोघांचे मनापासून आभार. उद्याच भिंग घेऊन बसते. पण टोकाला लागलेलं बुडाला कळतं कसं, हे अजून उलगडलेलं नाही. निरोप पाण्यातून जातो की विजेतून?

उत्तररात्र

दोन्हींतून, आणि हे ठरायला बराच काळ लागला.

जगदीशचंद्र बोस मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. रेडिओलहरींवरचं काम झाल्यावर ते वनस्पतींकडे वळले आणि लाजाळूला विद्युत्-उपकरणं जोडून बसले. स्पर्शाचा निरोप विजेच्या स्पंदनासारखा देठातून जातो, थंडीने त्याचा वेग कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. त्या काळी हे सहज पचणारं नव्हतं. मग १९१६ साली इटलीचे रिका यांनी लाजाळूचं खोड कापून मधे पाण्याची नळी जोडली, तरी निरोप पलीकडे गेला. वीज तर असा जिवंत पेशींचा तुटलेला पूल ओलांडू शकत नाही. म्हणजे जखमेतून एखादं रसायन पाण्याबरोबर वाहत असणार. आज दोन्ही मान्य आहे: स्पर्शाला वीज, आणि जखम झाली तर विजेबरोबर रसायनही.

बोस यांच्या क्रेस्कोग्राफबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. रोपाची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून काजळी धरलेल्या काचेवर उमटवणारं यंत्र, स्वतः बनवलेलं. आपल्याला वेलाचा फेरा पाहायला दोन तास लागतात, त्यांना काही सेकंदांतली वाढ दिसत होती. टेलिग्राफ प्लांट म्हणून जे झुडूप ओळखलं जातं त्याच्या छोट्या पर्णिका कुणी हात न लावताच काही मिनिटांना एक अशा लयीत वरखाली होत राहतात. त्या लयीवरही त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं.

झुळूक

मला जरा वेगळं विचारायचंय. वीज जाते, स्पर्श कळतो, जखम कळते. मग झाडाला वेदना होतात असंच म्हणायचं ना? मध्यंतरी वाचलं की झाडं पाणी नसलं की ओरडतात. ते वाचल्यापासून फांदी छाटताना माझा हात थांबतो.

पर्णरंध्र

झुळूक, हात थांबतो हे चांगलंच आहे, गरजेपुरतंच छाटलं जाईल. पण प्रश्नाचं उत्तर मी सरळ देते: वेदना होतात असं म्हणायला आधार नाही.

जखमेचा निरोप जातो हे शंभर टक्के खरं. २०१८ साली एका प्रयोगात मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात कॅल्शियम वाढलं की चमकणारं प्रथिन घातलं होतं. अळीने पान कुरतडलं की चमक त्या जागेपासून निघून शिरांतून दुसऱ्या पानांपर्यंत जाताना दिसते, सेकंदाला साधारण एक मिलिमीटर. निरोप पोचला की दूरची पानं अळीला न मानवणारी रसायनं बनवायला घेतात. ही चमक सुरू करायला ग्लुटामेट लागतं, आणि ग्लुटामेट आपल्या मेंदूतही निरोप्याचं काम करतं. म्हणून लगेच 'झाडाची मज्जासंस्था' अशा बातम्या झाल्या. पण वेदना ही निरोपात नसते, तो निरोप जिथे पोचून अनुभव बनतो तिथे असते. झाडात तसं ठिकाण नाही. एकही चेतापेशी नाही, मेंदू नाही.

'ओरडण्या'चं सांगते. २०२३ साली टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांजवळ मायक्रोफोन ठेवून हे नोंदवलं गेलं. तहानलेल्या किंवा खोड कापलेल्या रोपातून तासाला ३० ते ५० टिचक्या ऐकू येतात, ४० ते ८० किलोहर्ट्झच्या, म्हणजे आपल्या कानाच्या पलीकडच्या. पाणी वर नेणाऱ्या नळ्यांमधला पाण्याचा धागा ताणून तुटतो, हवेचा बुडबुडा होतो, त्याचा तो आवाज असावा. तो आवाज कुणाच्या उपयोगी पडत असेल, हा प्रश्न खुला आहे आणि रंजक आहे. पण त्याला ओरडणं म्हटलं की पुढे ऐकायचं तेच आपण बंद करतो, असं मला वाटतं. नळीत पाण्याचा धागा एवढा ताणलेला असतो की तुटताना वाजतो, ही गोष्टच केवढी आहे!

रानवाट

सहमत. आणि लाजाळूबद्दल म्हणाल तर 'लाजते' किंवा 'घाबरते' यापेक्षा ती मिटून काय साधते हे पाहणं मला जास्त जवळचं वाटतं. २०२२ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी न मिटणारी लाजाळू तयार केली आणि साध्या लाजाळूशेजारी ठेवली. टोळांनी न मिटणारीचीच पानं जास्त फस्त केली. मिटणारीवर टोळ चावायला लागला की पान त्याच्या पायाखालून निघून जातं, मग तो दुसरीकडे जातो.

मातकट

सूर्यफुलाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरतं ते.

कोंब

मातकट, हे मला ठाऊक आहे, मी लिहिते! उमललेलं सूर्यफूल फिरत नाही. फिरतं ते कोवळं रोप, कळी धरेपर्यंतचं. दिवसा त्याच्या खोडाची पूर्वेची बाजू जास्त वाढते, म्हणून शेंडा पश्चिमेकडे वळतो. रात्री पश्चिमेची बाजू जास्त वाढते आणि उजाडायच्या आधीच तो पुन्हा पूर्वेला येऊन थांबलेला असतो. रात्री तर सूर्य नसतो, म्हणजे परतीची वाट आतलं घड्याळच दाखवतं. खोडाची वाढ संपली की फिरणं संपलं, आणि फूल कायमचं पूर्वाभिमुख राहतं. २०१६ सालच्या अभ्यासात काही फुलांच्या कुंड्या मुद्दाम पश्चिमेला वळवल्या होत्या. पूर्वेकडची फुलं सकाळी लवकर तापली आणि त्यांच्यावर पाचपट परागवाहक कीटक आले. शेतातली फुललेली सूर्यफुलं संध्याकाळी पाहा, सगळी सूर्याकडे पाठ करून उभी असतात.

उत्तररात्र

घड्याळाचा विषय निघालाच आहे तर: १७२९ साली द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूची कुंडी अंधारात ठेवली. पानं तरीही दिवसा उघडत राहिली, रात्री मिटत राहिली. जिवंत शरीरात स्वतःचं घड्याळ असतं याची ही पहिली प्रायोगिक नोंद मानतात. माणसाच्या झोपेचा अभ्यास त्याच वाटेवर बऱ्याच नंतर आला.

प्रश्नोपनिषद

नवीन सभासद आहे. रोपाची कुंडी आडवी पडली की शेंडा वर वळतो हे पाहिलंय. पण तो उजेडामुळे वळतो की गुरुत्वामुळे हे घरच्या घरी वेगळं कसं करायचं?

पर्णरंध्र

आडवी कुंडी बंद कपाटात ठेवा, पूर्ण अंधारात. तरीही वळला तर उजेड बाद.

मुळांसाठी टिपकागद आणि काच. ओल्या टिपकागदावर बी ठेवून वरून काच दाबा, उभं करून ठेवा, मूळ दोन-तीन सेंटिमीटर खाली आलं की सगळं काटकोनात फिरवा.

इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ नाइट यांनी १८०६ साली याहून धाडसी प्रयोग केला होता. पाण्याने वेगात फिरणाऱ्या चाकावर बिया बांधल्या. कोंब चाकाच्या मध्याकडे गेले, मुळं बाहेरच्या कडेला. म्हणजे रोप 'खाली' ओळखतं ते वजन ज्या बाजूला ओढतं त्यावरून. ते कसं कळतं हेही दिसतं: मुळाच्या टोपीतल्या काही पेशींत पिष्टमय पदार्थाचे जड कण असतात. मूळ आडवं केलं की ते कण काही मिनिटांत घरंगळून नव्या तळाशी जाऊन बसतात. मग ऑक्झिन खालच्या बाजूला जास्त जमतं. खोडात त्याने खालची बाजू लांबते, शेंडा वर. मुळात तेवढ्याच ऑक्झिनने वाढ रोखली जाते, खालची बाजू आखूड राहते आणि मूळ खाली. रसायन तेच, दोन टोकांना परिणाम उलटा. हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी वर्गातून बाहेर पडून मैत्रिणीला पुन्हा सगळं सांगितलं होतं.

झुळूक

उत्तरं वाचून बरं वाटलं, धन्यवाद. एक व्यवहाराची शंका. घरात वाढवलेली माझी रोपं उंच आणि लुकडी होतात, बाहेर लावली की वाऱ्याने आडवी. वर जे लिहिलंय त्यातलं काही कामाला येईल का?

रानवाट

नक्की येईल. रोज दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून हाताचा तळवा किंवा कागद हलकेच फिरवा, काही सेकंद पुरे. स्पर्शाने आणि वाऱ्याने हलणारं रोप बुटकं आणि जाड खोडाचं होतं. मार्क जाफे यांनी १९७३ साली हे नीट मोजलं. घरात वारा नाही, म्हणून खोडाला जाड व्हायचं कारणच मिळत नाही. उजेडही वाढवा. पानांतून गाळून आलेल्या उजेडात लाल रंगापलीकडचा गडद लाल प्रकाश जास्त असतो, त्यावरून रोपाला शेजारच्याची सावली कळते आणि ते उंच पळायला लागतं. दाटीत लावलेली रोपं म्हणूनही लुकडी होतात.

मातकट

सगळ्यांत वेगवान कोण? माझं मत तेरड्याच्या बोंडाला. पिकलेल्या बोंडाला बोट लागलं की फटकन फुटून पाकळ्या आत वळतात आणि बिया उडतात. लहानपणी तासन्‌तास हेच करायचो.

उत्तररात्र

तेरडा जलद खराच, पण पांढऱ्या तुतीचा पुंकेसर त्याच्या कितीतरी पुढे आहे. ताणलेला पुंकेसर सुटतो आणि परागकण आवाजाच्या निम्म्याहून जास्त वेगाने बाहेर पडतात. पाण्यातली ब्लॅडरवर्ट ही कीटकभक्षी वनस्पती सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत भक्ष्य आत ओढते. व्हीनस फ्लायट्रॅपला सेकंदाचा दहावा भाग लागतो. इतका वेग नुसतं पाणी हलवून येत नाही. ताण आधीच साठवलेला असतो, स्पर्श फक्त खिट्टी काढतो. फ्लायट्रॅपच्या उघड्या पानाची आतली बाजू फुगीर असते, ती एकदम खोलगट होते.

आणि फ्लायट्रॅप मोजतं! आतल्या केसाला एकदा स्पर्श झाला तर काही नाही. वीसेक सेकंदांच्या आत दुसरा झाला तर मिटतं. पहिल्या स्पर्शाने पेशींतलं कॅल्शियम वाढतं आणि हळूहळू ओसरतं, ते ओसरण्याआधी दुसरी भर पडली तरच मर्यादा ओलांडली जाते. आत अडकलेला किडा धडपडून पाचेक स्पर्श करतो तेव्हा कुठे पाचक रस तयार व्हायला लागतात. पावसाचा थेंब पडला म्हणून पान उगाच मिटत नाही. कॅल्शियमची एक ओसरती पातळी एवढं काम करते.

लाजाळूच्या सवयीबद्दलही लिहायचं होतं. देफोंतेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने लाजाळूच्या कुंड्या घोडागाडीतून पॅरिसमध्ये फिरवल्या होत्या. सुरुवातीला धक्क्यांनी मिटलेली पानं गाडी चालू असतानाच पुन्हा उघडली. २०१४ साली कुंड्या पंधरा सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा खाली सोडून हेच तपासलं गेलं. तेव्हा ही सवय महिनाभर टिकल्याचं दिसलं. याला शिकणं म्हणावं का यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. मला स्वतःला 'सवय' हा शब्द पुरेसा वाटतो.

प्रश्नोपनिषद

कपाटाचा प्रयोग केला. संध्याकाळी सातला आडवी ठेवली, सकाळी सहाला पाहिलं. पूर्ण अंधारात शेंडा सरळ वर वळलेला! आता टिपकागद लावतोय.

कोंब

प्रश्नोपनिषद, छान! माझ्याही नोंदी देते.

रेघांचं आधी. पाच मिलिमीटरवर ओढलेल्या रेघांपैकी शेंड्याजवळच्या चार घरांची लांबी दोन दिवसांत दुपटीच्या वर गेली. खालची घरं होती तेवढीच राहिली. म्हणजे फिरायची ताकद त्या वरच्या टप्प्यातच आहे, खालचं खोड नुसतं धरून उभं असतं.

लाजाळूचा गडद रंग दिसला. रानवाट, तुम्ही लिहिलंय अगदी तसाच.

आणि काल सकाळी घेवड्याच्या फेऱ्याच्या वाटेत मी एक सरळ काठी रोवली. पहिल्या फेऱ्यात शेंडा काठीला टेकला, वाकला आणि घसरून पलीकडे गेला. मला वाटलं काठी फार गुळगुळीत आहे, सुतळी गुंडाळावी का. तसंच ठेवलं. दुसऱ्या फेऱ्यात शेंड्याच्या चार बोटं खालचा भाग काठीला टेकला आणि तिथेच अडला. पुढचा शेंडा मात्र फिरत राहिला, आता छोट्या वर्तुळात, काठीभोवती. म्हणजे गुंडाळायला त्याला वेगळं काही करावंच लागलं नाही, तो जे हवेत करत होता तेच करत राहिला आणि काठी मधे आली. संध्याकाळी पाचला एक वेढा पूर्ण. आज सकाळी अडीच, आणि सगळ्यांत खालचा वेढा काठीवर इतका घट्ट बसलाय की नख सरकत नाही.

काच पुसून ठेवलीय. कारल्याचा तणावा उगवलाय, तो घेवड्यासारखा फिरून गुंडाळत नाही, टोकाने पकडतो आणि मग मधून स्प्रिंगसारखा आवळतो. काल भिंगातून पाहिलं तर स्प्रिंगचे अर्धे वेढे उजवीकडे आणि अर्धे डावीकडे, मधे एक छोटा सरळ तुकडा. असं का, हे कुणाला माहीत आहे?

पर्णरंध्र

दोन्ही टोकं बांधलेली आहेत ना, म्हणून. एक टोक वेलाला, एक आधाराला. दोन्हीकडून अडकलेली दोरी एकाच दिशेने पिळायची तर टोक फिरायला हवं, ते फिरू शकत नाही. मग जितके वेढे उजवे तितकेच डावे घालावे लागतात, म्हणजे एकूण पीळ शून्य. दोन्हीकडचे वेढे मोजून पाहा आणि आकडे इथे लिहा.

कोंब

मोजले. सात आणि सात.